बॅग भरण्याआधी एक कागद

आपल्या मंडळाच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी मालदीवचे फोटो टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न सुरू झाला : "आठ दिवस बोटीवर राहून स्कूबा? बॅगेत काय काय नेलंस?" संपादकांनी तेच लिहून मागितलं. लिहिते. पण बॅगेच्या आधी एका कागदाची गोष्ट सांगावी लागेल, कारण त्या कागदापायी माझी सहल एक वर्ष पुढे गेली.

आधी हा प्रकार काय ते सांगते. त्याला 'लिव्हअबोर्ड' म्हणतात. बोटीवरच राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरायचं. चांगली प्रवाळबेटं किनाऱ्यापासून लांब असतात. रोज जाऊन-येऊन ती बघणं जमत नाही, म्हणून ही सोय. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर आत, समुद्राच्या पोटात 'आंग्रिया बँक' नावाचं प्रवाळाचं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला दिलेलं आहे. त्याचा माथासुद्धा पाण्याखाली वीसेक मीटरवर. २०१९च्या अखेरीस तिथे पाहणी करायला गेलेल्या शास्त्रज्ञांना जहाजावरच मुक्काम करावा लागला होता.

मी राहते सुरतजवळच्या सचिनला. आमच्या गावाचं समुद्राशी नातं जुनं आहे, पण फक्त इतिहासात. इथले नवाब जंजिऱ्याच्या सिद्दींच्या घराण्यातले. १७९१मध्ये जंजिऱ्यावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात त्यांना सचिन मिळालं. आजचं सचिन म्हणजे जीआयडीसी, डाइंग मिल आणि वास. मीही एका मिलच्या प्रयोगशाळेतच नोकरी करते. जवळचा समुद्र डुमसचा. काळी रेती, गढूळ पाणी. त्यामुळे पोहायला शिकले सुरतच्या तरणतलावात आणि डायव्हिंग शिकले कोकणात.

आधी कागद

बोटीचं बुकिंग केलं की एक वैद्यकीय प्रश्नावली येते. उत्तरं फक्त 'हो' किंवा 'नाही'. महत्त्वाच्या एकाही प्रश्नाला 'हो' असेल तर डॉक्टरची सही लागते. त्यात दम्याचा प्रश्न होता. मला आठवीपर्यंत दमा होता. नंतर थंडीत कधीतरी छाती भरते, एवढंच.

सोबत येणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, 'नाही' लिही. कोण बघतंय? कोर्सच्या वेळी काय लिहिलं होतंस?" कोर्सच्या वेळी मी 'नाही'च लिहिलं होतं. हे इथे पहिल्यांदाच कबूल करते आहे.

या वेळी पेन अडलं. ६ जानेवारी २०२२च्या पहाटे आमच्या जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडलं, त्याचा वायू झाला आणि सहा कामगार गेले. त्यानंतर आमच्याकडे 'श्वासाचं काय एवढं' असं कोणी सहज म्हणत नाही. आणि मी काय करत होते, तर स्वतःच्याच श्वासाबद्दल खोटं लिहायला निघाले होते.

यामागचं शास्त्र सोपं आहे. पाण्यात १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. तिथे टाकीतून छातीभर घेतलेली हवा तशीच कोंडून वर आलात, तर पृष्ठभागावर तिला दुप्पट जागा लागते. फुफ्फुसात तेवढी जागा नसते. म्हणून डायव्हिंगचा पहिला नियम हाच, की श्वास कधीही रोखून धरायचा नाही. पण दम्यात श्वासनळ्या आकसल्या, तर आपण न धरताही हवा आत अडकू शकते. वर येताना फुफ्फुस फाटू शकतं. किनाऱ्यावर निदान गाडी काढून दवाखाना गाठता येतो. बोटीवरून दवाखाना कित्येक तास लांब असतो.

मी 'हो' लिहिलं आणि सुरतला छातीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी यंत्रात फुंकर मारायला लावली, मग पळायला लावलं, मग पुन्हा फुंकर. पळाल्यावरची फुंकर बरीच घसरलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "मी सही करणार नाही." भरलेले आगाऊ पैसे गेले. मैत्रीण एकटी गेली. घरी आई म्हणाली, "बरं झालं," आणि मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

मग वर्षभर औषध नेमाने घेतलं, रोज चालले, तरणतलाव सोडला नाही. पुढच्या वर्षी तीच चाचणी झाली आणि सही मिळाली. सगळ्यांना ती मिळेलच असं नाही. माझ्यावरून तुमचं ठरवू नका, डॉक्टरांना विचारा.

याच वेळी दोन गोष्टी आणखी बघा. एक, विमा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा पुष्कळदा वगळलेलं असतं. बारीक अक्षरं वाचा. दोन, बोटीची अट. मालदीवमध्ये प्रवाह जोरदार असतात, त्यामुळे बऱ्याच बोटी नवशिक्यांना घेत नाहीत. आमच्या बोटीला तीस डाइव्हची नोंदवही दाखवावी लागली.

आता बॅग

एकच सूत्र लक्षात ठेवा : बोटीवर दुकान नसतं.

कडक सूटकेस नको. केबिनमध्ये ती ठेवायला जागा नसते. घडी होऊन पलंगाखाली जाईल अशी कापडी बॅग घ्या. टाकी आणि शिशाची वजनं बोटच देते. बाकी साहित्य भाड्याने मिळतं, पण मास्क स्वतःचाच न्या. तोंडाला न बसणारा मास्क आठ दिवस सतत गळत राहतो. जोडीला एक जादा मास्क आणि फिन्सचे जादा पट्टे. पट्टा दहा मिनिटांत तुटतो आणि अख्खा दिवस वाया जातो.

पाणी कोमट, २७ ते ३० अंश. तरी ३ मिलिमीटरचा वेटसूट लागतो, कारण पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा खूप लवकर काढून घेतं. तिसऱ्या डाइव्हला मी दात वाजवत होते. वर आल्यावर अंगावर घ्यायला वारा अडवणारं जाकीट ठेवा. फुगवून पाण्यावर सोडायची नारिंगी नळी आणि शिट्टी अजिबात विसरू नका. प्रवाहाने लांब नेलं, तर लाटांमध्ये डोकं दिसत नाही, ती नळी दिसते.

कपडे थोडेच लागतात. बोटीवर सगळे अनवाणी असतात. मी नेलेल्या सहा ड्रेसपैकी चार घडी न मोडता परत आले.

औषधांची वेगळी पिशवी करा. त्यात आपली नेहमीची औषधं दुप्पट. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी घरीच एकदा घेऊन बघा. काहींना तिने गुंगी येते आणि गुंगीत पाण्यात उतरता येत नाही. सर्दी असेल तर डाइव्ह करायची नाही, कारण कानातला दाब सारखा होत नाही.

आईने चिवडा आणि लाडू दिले. "जहाजावर मीठ तरी मिळेल ना?" असं विचारून वर लोणचंही दिलं. चिवडा दुसऱ्याच दिवशी संपला. अर्धा खलाशांनी खाल्ला.

हातातली बॅग

रेग्युलेटर, मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर आणि औषधं विमानात हातात ठेवा. मोठी बॅग मागे राहिली तर बोट तिच्यासाठी थांबत नाही. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या तर हातातच न्यायच्या असा विमानाचा नियमच आहे. चाकू, कात्री मोठ्या बॅगेत. मालदीवचा प्रवेश अर्ज प्रवासाआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन भरायचा असतो. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो.

बोटीवरचा पहिला तास

२ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' नावाच्या अशाच बोटीला रात्री आग लागली आणि ३४ जण गेले. खालच्या मजल्यावर झोपलेले लोक बाहेर येऊ शकले नाहीत. म्हणून पहिल्या तासात फोटो काढू नका. आणीबाणीचा दरवाजा कुठे आहे ते चालत जाऊन बघा. लाइफ जॅकेट शोधा. रात्री पहाऱ्याला कोण असतं ते विचारा. विचारायला लाजू नका. आणि बॅटऱ्या केबिनमध्ये चार्जिंगला लावून झोपू नका.

परतीचं गणित

हे तिकीट काढतानाच करायचं. खाली असताना रक्तात नायट्रोजन मुरतो. विमानात हवेचा दाब कमी असतो. सोड्याची बाटली उघडल्यावर फसफसते, तसं अंगात होऊ नये म्हणून, अनेक दिवस डाइव्ह केल्यावर शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. बऱ्याच बोटी २४ तास सांगतात. त्यामुळे शेवटचा दिवस कोरडाच धरा.

माझ्या बॅगेच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात इनहेलर होता आणि त्याखाली डॉक्टरांच्या सहीचा कागद. आमच्या गाइडने तो कागद पहिल्या संध्याकाळी नीट वाचला आणि पहिल्या दिवशी मला आपल्याच जोडीला घेतलं. आठ दिवसांत इनहेलर एकदाही लागला नाही. पण मला काय झालेलं आहे, हे त्या बोटीवर माझ्याशिवाय आणखी एका माणसाला माहीत होतं. 'नाही' लिहिलं असतं तर ते कोणालाच माहीत नसतं.

तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर बॅगेची यादी माझ्याकडून जरूर मागा. फॉर्म मात्र स्वतः भरा, आणि खरा भरा.