डोक्यात आलेलं पहिलं उत्तर

आधी एक गणित. बॅट आणि बॉल मिळून ११० रुपये. बॅट बॉलपेक्षा १०० रुपयांनी महाग. मग बॉल कितीला?

१० रुपये म्हणालात ना? मीही तेच म्हणालो होतो. पण मग बॅट ११० ची आणि बेरीज १२० होते. बरोबर उत्तर ५ रुपये. शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये मांडलेल्या तीन प्रश्नांच्या चाचणीतलं हे गणित. अवघड अजिबात नाही. चाचणी बघते ती सवय: पहिलं उत्तर सुचलं की आपण तिथेच थांबतो, की एकदा पडताळतो?

मी थांबणाऱ्यांपैकी. ओळखीच्या कामात याचा फायदाच होतो, हात पटापट चालतो. पण एकदा डिलीट क्वेरीत ‘व्हेअर’ लिहायचं विसरलो आणि अख्खं टेबल साफ! नशीब, डेटाबेस टेस्टिंगचा होता. आता आधी सिलेक्ट चालवून किती ओळी येतात ते बघतो, मगच डिलीट. स्वभाव तोच आहे, मध्ये फक्त एक पायरी घातली.

अभ्यासातही तसंच. वाचताना ‘कळलं’ वाटतं; पुस्तक मिटून लिहायला बसलं की खरं काय ते कळतं.

आणि फोनवर तर ही पायरी हवीच. जुनी सायकल विकायला टाकलीत, समोरचा म्हणतो, “पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.” पैसे येणार म्हटल्यावर बोट आपोआप चालतं. पण यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन मागितला, की स्क्रीनवरचं नाव आणि रक्कम मोठ्याने वाचा. तिथे पैसे तुमच्याकडून जात असल्याचं दिसेल.