पारा उतरला म्हणजे उन्हाळा सरला नव्हे

उन्हाळ्याचे शेवटचे पंधरा दिवस सर्वांत फसवे असतात. एप्रिलभर जपणारी माणसे मेच्या अखेरीस बेफिकीर होतात. आकाशात ढग दिसू लागतात, एखादा वळीव पडून जातो, पारा दोन-तीन अंशांनी खाली येतो आणि घरातली टोपी-उपरणी पुन्हा खुंटीवर जातात. माझा अनुभव मात्र असा, की थकवा, चक्कर, पायात गोळे, घामोळे आणि उलट्या यांचे रुग्ण याच दिवसांत वाढतात. असे का होते, ते समजून घेऊ.

आपले शरीर घामाने थंड होत नाही, तर घाम वाळल्याने थंड होते. माठातले पाणी जसे पाझर वाळून गार होते, तसेच हे आहे. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र अंगातच राहते. उष्मा निर्देशांकाच्या हिशेबाने सावलीतले ४० अंश तापमान २० टक्के आर्द्रतेत आणि ३२ अंश तापमान ७० टक्के आर्द्रतेत शरीराला जवळजवळ सारखेच, म्हणजे ४० अंशांच्या आसपास जाणवते. पाऊस जवळ येतो तशी नेमकी ही आर्द्रता वाढते.

म्हणूनच हवामान खातेही सगळीकडे एकच मोजपट्टी लावत नाही. उष्णतेची लाट ठरवताना सपाट प्रदेशात किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश कमाल तापमान धरले जाते. शिवाय ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा साधारण साडेचार अंशांनी जास्त असावे लागते. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माणसाला हे तिन्ही प्रदेश एका दिवसात भेटतात.

माण, खटाव, फलटण

इथले ऊन कोरडे. घाम येतो, पण लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेले हे कळतच नाही. तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. ओली चादर, वाळ्याचा पडदा आणि कूलर यांचा उपयोग याच हवेत होतो. पेरणीपूर्व मशागत सकाळी अकराच्या आत आणि दुपारी चारनंतर करावी. वळिवाचे ढग दाटले की झाडाखाली थांबू नये, गुरांना घेऊन आधीच घर गाठावे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला न घाबरता हात लावावा. श्वास आणि नाडी बंद असेल तर लगेच छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी.

महाबळेश्वर, पाचगणी, जावळी-पाटणचे डोंगर

दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. हवा गार, म्हणून ऊन सौम्य असे वाटते, पण उंचीवर अतिनील किरणे उलट जास्त प्रखर असतात. मुलांचे चेहरे आणि मानेच्या मागचा भाग येथेच भाजून निघतो. दुपार आणि पहाट यांतल्या फरकाने दमेकऱ्यांचा त्रासही वाढतो. त्यांनी पंप जवळ ठेवावा आणि अंगावर घ्यायला काहीतरी बरोबर असू द्यावे.

घाटाखालचे कोकण आणि मुंबई

आंबेनळी घाटाने पोलादपूर गाठताना आपण दीड तासात तेराशे मीटरच्या आसपास खाली येतो. शरीराला नव्या उष्म्याची सवय व्हायला मात्र आठवडा-दोन आठवडे लागतात. खटावकडचे एक साठीतले शेतकरी कोकणात लग्नाला गेले होते. "आमच्याकडे याहून जास्त ऊन असतं, डॉक्टर," असे ते मला नंतर म्हणाले. मांडवात दोन तास बसून त्यांना भोवळ आली होती. पारा खरोखरच त्यांच्या गावापेक्षा कमी होता, घाम मात्र वाळत नव्हता. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी त्या भागातले कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते.

दमट हवेत बंद खोलीतला कूलर बाष्पात भरच घालतो. तिथे खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पंख्याचा वारा घ्यावा, सैल सुती कपडे वापरावेत. सुटी संपवून मुंबईला परतणाऱ्यांनी पहिले आठ दिवस अंगमेहनत बेताने करावी.

मीठ घातलेले ताक, पन्हे, कोकम सरबत ही आपली जुनी पेये तिन्ही ठिकाणी उत्तम. जुलाब-उलट्या असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा) घालून थोडे थोडे पाजावे. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाणी-मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

अंग तापले आहे आणि माणूस असंबद्ध बडबडतो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही! ताप १०४ च्या वर असू शकतो आणि तापाची गोळी येथे काम करत नाही. रुग्णाला सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतत वारा घालावा आणि त्याच वेळी कोणीतरी १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

मोसमी पावसाची मुंबईतली सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला, तर एखाद्या वर्षी तो रेंगाळतोही. तेव्हा तारखेवर विसंबू नका. पाऊस चांगला स्थिरावेपर्यंत उपरणे खुंटीवर टाकू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दिवसातून तीन-चारदा स्वतः पाणी नेऊन द्या. ती मागून घेत नाहीत.