ज्या विद्यापीठाच्या दारात गव्हर्नर आडवा उभा राहिला होता, तिथंच या कोचने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आणला

११ जून १९६३. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं टस्कलूसा गाव. विद्यापीठाच्या फॉस्टर ऑडिटोरियमच्या दारात राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः उभा. कशासाठी? तर व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश घेता येऊ नये म्हणून. शेवटी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नॅशनल गार्ड आपल्या ताब्यात घेतलं, तेव्हा कुठं हे साहेब बाजूला झाले.

आता गंमत बघा. हे फॉस्टर ऑडिटोरियम म्हणजे त्या काळी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचं घरचं मैदान होतं. आणि या घटनेनंतर साधारण सहा वर्षांतच त्याच संघात एक कृष्णवर्णीय मुलगा शिष्यवृत्तीवर दाखल झाला. त्याला आणणाऱ्या कोचचं नाव सी. एम. न्यूटन.

आपल्याकडं कॉलेजचा खेळ म्हटलं की झोनल स्पर्धा आणि रिकामी गॅलरी आठवते. अमेरिकेत तसं नाही. तिथं कॉलेज बास्केटबॉलला स्टेडियम भरतात, सामने टीव्हीवर दिसतात आणि कोचचा पगार कुलगुरूंपेक्षा जास्त असू शकतो. दक्षिणेकडच्या राज्यांत तर कॉलेजची टीम म्हणजे गावाची इज्जत. त्यामुळं त्या टीममध्ये कोण खेळतो, हा प्रश्न नुसता खेळाचा राहत नाही.

न्यूटन यांचा जन्म १९३० चा, टेनेसी राज्यातला. ते केंटकी विद्यापीठात ॲडॉल्फ रप या दरारा असलेल्या कोचच्या हाताखाली खेळले. १९५१ ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या संघात ते होते. पुढं ट्रान्सिल्व्हेनिया नावाच्या छोट्या कॉलेजात कोच झाले. (नाव वाचून ड्रॅक्युला आठवला असेल, पण हे कॉलेज केंटकीतच आहे.) तिथंही कॉलेजचा पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू त्यांनीच आणला.

१९६८ साली अलाबामाला कोच हवा होता. तिथले क्रीडा संचालक होते पॉल 'बेअर' ब्रायंट, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला देवमाणूस. रप यांनी शिष्याचं नाव सुचवलं आणि न्यूटन टस्कलूसात आले. पहिल्याच मोसमात ४ सामने जिंकले आणि २० हरले. फुटबॉलवेड्या गावात बास्केटबॉल कोचला याहून वाईट सुरुवात मिळणं अवघड.

आणि अशा वेळी, नोकरीच धोक्यात असताना, १९६९ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमच्या वेंडेल हडसनला करारबद्ध केलं. अलाबामा विद्यापीठात शिष्यवृत्तीवर आलेला हा कुठल्याही खेळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. ब्रायंटच्या फुटबॉल संघातही तोवर शिष्यवृत्तीवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. न्यूटन यांना सामने जिंकायचे होते आणि राज्यातले उत्तम खेळाडू केवळ रंगामुळं बाहेर जात होते. म्हणजे यात व्यवहारही होता. आणि धोका कोचपेक्षा पोराला जास्त होता. कोचची फार तर नोकरी गेली असती. शिष्यवृत्तीवरच्या सगळ्या खेळाडूंमध्ये एकटा कृष्णवर्णीय म्हणून राहायचं, परगावी प्रेक्षकांचं ऐकून घ्यायचं, हे हडसनच्या वाट्याला आलं. त्याने १९७३ साली कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू होऊन उत्तर दिलं.

त्या काळी कोच लोकांत एक अलिखित हिशोब चालायचा, घरच्या मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडू दोन, बाहेर गेलं की तीन, आणि हरायला लागलो तर चार. पाच एकदम नकोच. २८ डिसेंबर १९७३ ला लुइव्हिलविरुद्ध न्यूटन यांनी सुरुवातीलाच पाचही कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले. दक्षिणेतल्या साऊथ-ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं. १९७४, ७५ आणि ७६ अशी सलग तीन वर्षं अलाबामाने कॉन्फरन्सचं विजेतेपद पटकावलं.

पुढं थोडा काळ कॉन्फरन्सच्या ऑफिसात आणि मग आठ वर्षं व्हँडरबिल्टमध्ये कोच. मध्येच कॉलेज बास्केटबॉलच्या नियम समितीचं अध्यक्षपदही सांभाळलं. एकूण पाचशेच्या वर विजय नावावर.

पण १९८९ मध्ये केंटकीतून बोलावणं आलं, आणि आलं ते मोडलेलं घर सावरायला. एका खेळाडूच्या वडिलांना पाठवलेल्या पाकिटात रोख १,००० डॉलर सापडल्याचं प्रकरण गाजलं होतं. कोचला जावं लागलं. संघावर दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धेची बंदी आणि एक वर्ष सामने टीव्हीवर थेट दाखवायलाही मनाई. क्रीडा संचालक म्हणून न्यूटन यांनी थेट न्यूयॉर्क निक्सच्या रिक पिटिनोला गळ घातली आणि आणलं. १९९६ मध्ये केंटकी राष्ट्रीय विजेता झाला.

याच काळात ते अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड समितीचे प्रमुख होते. १९८८ ला सोलमध्ये कॉलेजच्या पोरांना कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं होतं. पुढं व्यावसायिक खेळाडूंना ऑलिंपिकचं दार उघडलं, आणि या समितीने जॉर्डन, मॅजिक, बर्ड यांना एका संघात बसवलं. तीच १९९२ ची ड्रीम टीम. बार्सिलोनात तिने सरासरी जवळपास ४४ गुणांच्या फरकाने सामने जिंकले.

केंटकीत मात्र एक जुना हिशोब बाकी होता. रप यांच्या काळात हा संघ कित्येक वर्षं फक्त गोऱ्यांचा होता. १९६६ च्या अंतिम सामन्यात त्याला टेक्सस वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी हरवलं, तो सामना आजही सांगितला जातो. न्यूटन यांनी १९९५ मध्ये महिला संघ बर्नाडेट मॅटॉक्स यांच्याकडं दिला. १९९७ मध्ये पिटिनो बोस्टनला गेल्यावर पुरुष संघ टबी स्मिथ यांच्याकडं. दोघंही आपापल्या संघाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य कोच.

स्मिथ यांनी नोकरी घेऊच नये, चाहते त्यांना सुखानं राहू देणार नाहीत, असं गावातल्याच एका कृष्णवर्णीय स्तंभलेखिकेनं लिहिलं होतं. भीती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. पण स्मिथ आले, आणि पहिल्याच मोसमात, १९९८ ला, त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं.

२००० साली न्यूटन निवृत्त झाले, त्याच वर्षी बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. ४ जून २०१८ ला वयाच्या ८८ व्या वर्षी ते वारले, तेही टस्कलूसातच. वेंडेल हडसन मधल्या काळात अलाबामाच्या महिला संघाचा कोच होऊन गेला होता. २०२० मध्ये विद्यापीठाने त्याचा २० नंबर कायमचा निवृत्त केला. अलाबामात हा मान मिळवणारा तो पहिला खेळाडू.