विश्लेषण : स्पोर्ट्स कारच्या टर्बोला विजेची मोटर कशासाठी? पोर्शे ९११ चे हायब्रिड इंजिन कसे चालते?

हायब्रिड म्हटले की डोळ्यांसमोर येते ती जास्त मायलेज देणारी कौटुंबिक गाडी. मात्र मे २०२४ मध्ये जर्मनीच्या पोर्शे कंपनीने सादर केलेली ९११ कॅरेरा जीटीएस त्या साच्यात बसत नाही. रस्त्यावर धावणारी ही पहिली हायब्रिड ९११. तिला चार्जिंगचा प्लग नाही आणि ती केवळ विजेवर चालतही नाही. मग हा खटाटोप कशासाठी? उत्तर तिच्या टर्बोचार्जरमध्ये दडले आहे.

टर्बोचे जुने दुखणे काय?

जास्त ताकद हवी तर जास्त इंधन जाळावे लागते आणि त्यासाठी जास्त हवा लागते. टर्बोचार्जर हेच काम करतो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. अडचण अशी, की अॅक्सिलरेटर दाबल्यावर पुरेसा धूर तयार होऊन चक्राने वेग घेईपर्यंत थोडा वेळ जातो. यालाच ‘टर्बो लॅग’ म्हणतात. १९७४ मध्ये आलेली पहिली ९११ टर्बो यासाठी बदनाम होती. आधी काहीच घडायचे नाही आणि मग सगळी ताकद एकदम यायची, तीही अनेकदा ऐन वळणावर.

छोटा टर्बो लवकर फिरतो, पण जास्त वेगात अपुरा पडतो. मोठा टर्बो भरपूर हवा देतो, पण जागा व्हायला वेळ घेतो. म्हणून आधीच्या जीटीएसमध्ये ३ लिटरच्या इंजिनाला दोन लहान टर्बो होते.

नव्या इंजिनात काय बदलले?

आता ३.६ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाला एकच मोठा टर्बो आहे. त्याच्या दोन चक्रांच्या मधोमध, त्याच दांड्यावर, विजेची छोटी मोटर बसवली आहे. अॅक्सिलरेटर दाबताच ही मोटर टर्बो फिरवू लागते, धुराची वाट पाहावी लागत नाही.

वेग वाढला की हीच मोटर उलटे काम करते. एरवी धुराचा दाब जास्त झाला की ‘वेस्टगेट’ नावाची झडप उघडून तो वाया घालवावा लागतो. इथे ती झडपच नाही. जादा जोर मोटर जनरेटर बनून शोषून घेते आणि ११ किलोवॅटपर्यंत वीज तयार करते. ही वीज बॅटरीत साठते किंवा गिअरबॉक्समधल्या ४० किलोवॅटच्या दुसऱ्या मोटरला मिळते. ती मोटर थेट चाकांना बळ देते. एकट्या इंजिनाची ताकद ४८५ अश्वशक्ती, दोन्ही मिळून ५४१.

ही कल्पना शर्यतीतून आली. फॉर्म्युला वनच्या गाड्यांत २०१४ ते २०२५ या काळात टर्बोला जोडलेली अशीच मोटर होती. पोर्शेची ९१९ हायब्रिडही धुराच्या जोरावर वीज तयार करत असे. तिने २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षे ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली.

प्रदूषणाशी याचा काय संबंध?

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही याच प्रमाणाला नीट काम करतो. पण टर्बो इंजिनावर पूर्ण भार आला की अनेकदा जास्तीचे पेट्रोल सोडले जाते. त्याचे काम फक्त आतले तापमान आवरणे हे असते. त्यातून अर्धवट जळलेले इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो.

युरोपातले नियम कडक होत असताना ही पळवाट फार काळ चालणारी नव्हती. नवे इंजिन कोणत्याही वेगात हवेचे आदर्श प्रमाण सोडत नाही. असे केल्याने ताकद घटण्याचा धोका असतो. तो भरून काढायला मोठे इंजिन आणि वीज कामी आली.

वजन वाढले का?

हायब्रिडचा शत्रू म्हणजे वजन. म्हणून बॅटरी जेमतेम १.९ किलोवॅट-तासांची, सुमारे २७ किलोची ठेवली आणि नेहमीच्या बॅटरीच्या जागी पुढे बसवली. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर गेल्याने इंजिनाचा पट्टाही निघाला. त्यामुळे इंजिन ११० मिलिमीटरने बुटके झाले आणि वर मोकळ्या झालेल्या जागेत विजेची उपकरणे मावली. गाडीचे वजन आधीपेक्षा ५० किलोनेच वाढले.

जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या ट्रॅकवर तिने ७ मिनिटे १६.९ सेकंदांची वेळ दिली. ती आधीच्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंदांनी कमी आहे. यात रुंद टायर आणि सुधारलेल्या बॉडीचाही वाटा आहे, सगळे श्रेय टर्बोला देता येणार नाही.

गमावले काय?

आधीच्या जीटीएसमध्ये मिळणारा हाताने टाकायचा गिअर आता नाही. मोटर गिअरबॉक्सच्या आतच असल्याने ऑटोमॅटिक हा एकच पर्याय उरला. शिवाय यंत्रणा गुंतागुंतीची झाली, म्हणजे बिघाड शोधणेही सोपे राहिले नाही. तरीही कंपनीने पाऊल मागे घेतलेले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ९११ टर्बो एसमध्ये असे दोन विजेचे टर्बो आणि ७११ अश्वशक्ती आहे. वीज इथे पेट्रोल इंजिनाची जागा घ्यायला आलेली नाही. कडक नियमांत त्याला आणखी काही वर्षे टिकवून ठेवणे, हेच तिचे काम आहे.