मार्कंडा (गडचिरोली जिल्हा)

मार्कंडा किंवा मार्कंडादेव हे महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यातले, वैनगंगेच्या डाव्या तीरावरील एक लहान गाव आहे. दक्षिणेकडे वाहणारी ही नदी येथे उत्तरवाहिनी होते. त्यामुळे हे स्थान पवित्र मानले जाते. मार्कंडेय ऋषींच्या नावावरून गावाला हे नाव पडले, अशी श्रद्धा आहे.

इतिहास

अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यात येथील मंदिरांची पाहणी केली. त्यांच्या वृत्तांतात गाव चांदा जिल्ह्यात दाखवले आहे, कारण गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला.

मंदिरे

सुमारे १९६ फूट लांब व ११८ फूट रुंद आवारात कनिंगहॅम यांनी लहानमोठी सुमारे २४ मंदिरे नोंदवली. त्यांपैकी अनेक आज नष्ट झाली आहेत. मार्कंडेश्वर हे मुख्य शिवमंदिर असून त्याच्या बाह्य भिंतींवर विपुल शिल्पे आहेत. वीज कोसळून त्याच्या शिखराचा वरचा भाग महामंडपाच्या छतावर पडला होता. पुढे गोंड राजवटीत त्याची डागडुजी झाली. मंदिरसमूह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते.