अपयशाचा धनी कोण?

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जानेवारी महिन्यात थंडीइतक्याच नेमाने एक वाद येतो. शहराच्या लाडक्या 'ईगल्स' या फूटबॉल संघाचा पुढचा 'ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर', म्हणजे आक्रमण-समन्वयक, कोण असावा, हा तो वाद. ११ जानेवारी २०२६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फोर्टीनाइनर्स' संघाने ईगल्सचा २३-१९ असा पराभव केला आणि आठवडा उलटण्यापूर्वीच केव्हिन पतुलो या समन्वयकास त्या पदावरून दूर करण्यात आले. १९८७ पासून क्रीडाचर्चेलाच वाहिलेल्या डब्ल्यूआयपी या नभोवाणी केंद्रावर, कचेऱ्यांतून आणि उपाहारगृहांतून संभाव्य उमेदवारांच्या याद्या फिरू लागल्या. कोणाला अनुभवी माणूस हवा होता, कोणाला तिशीतला बुद्धिमान तरुण. ज्या संघाने आदल्याच वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले होते, त्या संघाच्या चाहत्यांची ही अवस्था होती.

एका खेळाच्या शौकिनांचा वाद म्हणून या प्रकाराकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. परंतु अनेकांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय एकाला कसे द्यावे आणि दोष एकाच्या माथी कसा मारावा, हा जो प्रश्न त्यामागे आहे, तो प्रत्येक शाळेत, कारखान्यात आणि सरकारी कचेरीत रोज उपस्थित होत असतो. म्हणून या वादाचा जरा बारकाईने विचार करणे उपयुक्त ठरेल.

पदाचे स्वरूप

अमेरिकन फूटबॉलचे आपल्या परिचयाच्या फूटबॉलशी नावापलीकडे फारसे नाते नाही. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. तेवढे अंतर कापले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न ही आधी ठरवून, घोटून बसविलेली एक चाल असते आणि तीत अकरा जणांपैकी प्रत्येकाचे काम नेमून दिलेले असते. आक्रमण करणारे अकरा आणि बचाव करणारे अकरा हे वेगवेगळे खेळाडू असतात आणि त्यांचे प्रशिक्षकही वेगळे असतात. आक्रमणाच्या चालींची आखणी करणे, आठवडाभर त्यांचा सराव घेणे आणि बहुतेक संघांत प्रत्यक्ष सामन्यात कोणती चाल खेळावयाची ते 'क्वार्टरबॅक' या सूत्रधार खेळाडूस कळविणे, हे समन्वयकाचे काम. त्याच्या वर मुख्य प्रशिक्षक असतो. चाल सांगण्याचा अधिकार तो स्वतःकडे ठेवू शकतो, किंवा समन्वयकाकडे सोपवू शकतो.

या पदाला एवढे महत्त्व येण्याचे एक कारण आर्थिक आहे. 'नॅशनल फूटबॉल लीग'मध्ये ३२ संघ आहेत आणि १९९४ पासून प्रत्येक संघाच्या खेळाडूंवरील खर्चावर समान कमाल मर्यादा घातलेली आहे. २०२५ च्या हंगामासाठी ती २७ कोटी ९२ लक्ष डॉलर होती. त्यामुळे श्रीमंत मालकालाही वाटेल तितके खेळाडू विकत घेता येत नाहीत. प्रशिक्षकांच्या वेतनावर मात्र अशी मर्यादा नाही. खेळाडूंवरील खर्चाची चौकट सर्वांना सारखीच असल्यामुळे हुशार प्रशिक्षक हाच प्रतिस्पर्ध्यावर मात करण्याचा मोकळा मार्ग उरतो. तेव्हा समन्वयकाच्या निवडीविषयी चाहते हळवे असतात, यात मुळीच वेडेपणा नाही.

दुसरे कारण अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांच्या १९७० सालच्या प्रसिद्ध विवेचनात सापडते. एखाद्या संस्थेचे काम बिघडले तर तिच्याशी संबंधित माणसांपुढे दोन मार्ग असतात. एक, तिला सोडून जाणे. दुसरा, आत राहून आवाज उठविणे. साबण वाईट निघाला तर गिऱ्हाईक दुसरा साबण घेते. फिलाडेल्फियाच्या चाहत्याला मात्र संघ बदलता येत नाही. शहरात दुसरा व्यावसायिक फूटबॉल संघ नाही. आणि असता तरी वडिलांच्या हाताला धरून पाहिलेल्या सामन्यांची निष्ठा अशी बदलत नसते. बाहेर पडण्याची वाट बंद असलेल्या माणसाजवळ आवाज तेवढा उरतो. जानेवारीतला वाद हा तो आवाज होय.

येणारे आणि जाणारे

गेल्या काही वर्षांतील ईगल्सचा इतिहास पाहिला तर हे पद म्हणजे धर्मशाळा वाटावी. फेब्रुवारी २०१८ मध्ये संघाने पहिल्यांदा 'सुपर बोल' हा अंतिम सामना जिंकला आणि समन्वयक फ्रँक राइख लगेच इंडियानापोलिसचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्याच्या जागी आलेला माइक ग्रो दोन हंगामांनंतर बडतर्फ झाला. पुढे नव्या मुख्य प्रशिक्षकाबरोबर शेन स्टायकन आला. २०२२ च्या हंगामात संघाने १४ सामने जिंकून अंतिम फेरी गाठली. ती ३८-३५ अशी गमावली, तरी स्टायकनलाही इंडियानापोलिसनेच मुख्य प्रशिक्षक म्हणून उचलले. २०२३ मध्ये संघातलाच ब्रायन जॉन्सन बढती मिळून समन्वयक झाला. पहिल्या ११ सामन्यांपैकी १० जिंकलेला संघ उरलेल्या सहांपैकी पाच हरला, बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात टँपा बेने त्याचा ३२-९ असा धुव्वा उडविला आणि जॉन्सनची नोकरी गेली. २०२४ मध्ये बाहेरून केलन मूर आला, संघ अजिंक्य ठरला आणि मूर न्यू ऑर्लिअन्सचा मुख्य प्रशिक्षक होऊन गेला. मग पतुलोची पाळी आली.

या क्रमातून एक विचित्र नियम हाती लागतो. समन्वयक यशस्वी झाला तर दुसरा संघ त्याला घेऊन जातो. अयशस्वी झाला तर स्वतःचाच संघ त्याला घालवतो. म्हणजे निवड चांगली होवो की वाईट, चाहत्यांना वर्ष-दोन वर्षांत पुन्हा त्याच वादाला बसावे लागते. 'योग्य माणूस मिळाला की प्रश्न मिटला' ही त्यांची आशा या पदाच्या रचनेतच बसत नाही.

संयुक्त उत्पादनाचा पेच

प्रत्येक वेळी दिलेला निवाडा तरी बरोबर होता काय? आर्मेन आल्कियन आणि हॅरल्ड डेम्सेट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ साली एक साधे उदाहरण दिले होते. दोन माणसे मिळून जड माल उचलून ट्रकमध्ये चढवीत आहेत. दिवसअखेर किती माल चढला ते मोजता येते. परंतु त्यातला किती पहिल्याने चढविला आणि किती दुसऱ्याने, हे केवळ एकूण मालाकडे पाहून सांगता येत नाही. फूटबॉलच्या मैदानावर दोनांऐवजी अकरा खेळाडू, त्यांचे अनेक प्रशिक्षक आणि समोर तितकाच तयारीचा प्रतिस्पर्धी असतो.

फेब्रुवारी २०१८ च्या त्या अंतिम सामन्यातला एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पूर्वार्ध संपत आला होता, ईगल्स १५-१२ असे पुढे होते, चौथा म्हणजे अखेरचा प्रयत्न शिल्लक होता आणि गोलरेषा यार्डभर दूर होती. क्वार्टरबॅक निक फोल्स कडेला आला आणि चेंडू स्वतःकडेच फेकला जाईल अशा एका गमतीदार चालीचे नाव त्याने सुचविले. क्षणभर थांबून मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन याने होकार दिला. चाल साधली आणि ती 'फिली स्पेशल' या नावाने अजरामर झाली. तिचे श्रेय कोणाचे? सुचविणाऱ्या खेळाडूचे, धोका पत्करणाऱ्या प्रशिक्षकाचे, चेंडू फेकणाऱ्या ट्रे बर्टनचे, की चालीचा सराव करून घेणाऱ्या सहाय्यकांचे? समन्वयक राइख याला मात्र त्या यशाच्या भरात मोठी जागा मिळाली.

मूरचे उदाहरण याहून बोलके आहे. २०२१ मध्ये तो डॅलसचा समन्वयक असताना त्या संघाने लीगमध्ये सर्वाधिक गुण केले. २०२३ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या 'चार्जर्स'कडे गेला आणि तो संघ १७ पैकी १२ सामने हरला. पुढच्याच हंगामात फिलाडेल्फियात तो अजिंक्यपदाचा शिल्पकार ठरला. तीन वर्षांत त्याची बुद्धी गेली आणि परत आली, असे मानावयाचे काय? २०२४ मध्ये ईगल्सने सेक्वॉन बार्कली हा असामान्य धावपटू मिळविला होता आणि साखळी सामन्यांत त्याने २,००५ यार्ड धाव घेतली. शिवाय व्हिक फँजिओ या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली बचावफळी लीगमध्ये सर्वांत कमी यार्ड देणारी ठरली. उलट २०२५ मध्ये आक्रमणाच्या पुढच्या फळीतील मोहरे दुखापतींनी बेजार होते. त्याच बार्कलीच्या धावा घटल्या आणि खापर पतुलोवर फुटले. जेफ स्टाउटलँड हा पुढच्या फळीचा प्रशिक्षक २०१३ पासून या साऱ्या येण्याजाण्यात आपल्या जागी होता. त्याच्या वाट्याचे यश कोणत्याही समन्वयकाच्या खात्यातून वजा झाले नाही.

यात नशिबाचाही भाग असतो. उंच बापांची मुले सरासरीने बापांपेक्षा थोडी बुटकी निघतात, असे फ्रान्सिस गॉल्टन याने १८८६ साली दाखविले होते. कोणतीही असाधारण स्थिती पुढच्या मोजणीत सरासरीकडे झुकते. ११ पैकी १० विजय ही अशीच असाधारण स्थिती होती. त्यानंतर काही घसरण होणारच होती. त्याचप्रमाणे सहांपैकी पाच पराभव झाल्यावर काही सुधारणाही होणारच होती. माणूस नेहमी घसरणीच्या तळाशी बदलला जातो. म्हणून नव्या माणसाच्या पायगुणाचा भास होतो आणि जुन्याच्या नालायकीची खात्री पटते.

याद्यांत कोण नसते?

उमेदवारांच्या याद्या कशा तयार होतात, हेही पाहिले पाहिजे. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'रॅम्स' संघाने तीस वर्षांच्या शॉन मॅकव्हे याला मुख्य प्रशिक्षक नेमले आणि दोनच वर्षांत तो संघ अंतिम सामन्यात पोहोचला. तेव्हापासून मॅकव्हेच्या सहवासात वावरलेला माणूस हवा, अशी लाटच आली. २०१९ मध्ये मॅट लफ्लर ग्रीन बेला आणि झॅक टेलर सिनसिनाटीला मुख्य प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी ॲरिझोनाच्या संघाने आपला नवा प्रशिक्षक मॅकव्हेचा मित्र आहे, हे नेमणुकीच्या निवेदनातच नमूद केले! गुणवत्ता मोजता येत नाही तेथे ओळखपाळख हेच प्रमाणपत्र ठरते.

अशा ओळखीच्या वर्तुळाबाहेर राहणाऱ्यांना याची किंमत मोजावी लागते. २००२ च्या जानेवारीत टोनी डंजी आणि डेनिस ग्रीन या दोन कर्तबगार कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना त्यांच्या संघांनी काढून टाकले. त्यानंतर झालेल्या टीकेतून २००३ साली 'रूनी नियम' आला. मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्याक समाजातील निदान एका उमेदवाराची मुलाखत घेणे बंधनकारक झाले. २०२० मध्ये हा नियम समन्वयकांच्या पदांनाही लागू करण्यात आला, कारण मुख्य प्रशिक्षक मुख्यतः समन्वयकांतूनच निवडले जातात आणि शिडीची खालची पायरी बंद ठेवून वरची उघडण्यात अर्थ नव्हता. मुलाखत सक्तीची करता येते, विश्वास सक्तीचा करता येत नाही, ही त्या नियमाची मर्यादा. तथापि चाहत्यांच्या याद्यांनाही असा एखादा नियम लावून पाहण्यासारखा आहे: ज्याचे नाव अद्याप ऐकलेले नाही, अशा निदान एकाची माहिती काढावी.

दोषाची भीती

एका माणसावर सर्व दोष ढकलण्याचा आणखी एक परिणाम होतो. चौथ्या प्रयत्नाला धोका पत्करून पुढे जावे, की चेंडू लाथेने दूर टोलवून द्यावा, या निर्णयांचा अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी अभ्यास केला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की जिंकण्याची शक्यता वाढविणारा निर्णय पुष्कळदा धाडसाचा असूनही संघ सुरक्षित मार्ग धरीत होते. रूढ मार्गाने जाऊन हरणाऱ्याला कोणी विचारीत नाही. वेगळे काही करून हरणाऱ्याची नोकरी जाते. चाहत्यांना कल्पक आक्रमण हवे असते, आणि कल्पकता फसली की तिची सर्वांत कठोर शिक्षा देणारेही तेच असतात.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस शिकागोच्या संघाने ईगल्सना २४-१५ असे हरविले, तेव्हा कोणी तरी रात्री पतुलोच्या घरावर अंडी फेकली. घरात त्याचे कुटुंब राहते, याचाही विसर पडला. ज्या आवाजाचे हर्शमन यांनी महत्त्व सांगितले, तो आवाज हा नव्हे. आवाजामागे कारण असावे लागते आणि ते कारण दुसऱ्याला पटविण्याची तयारी असावी लागते. नभोवाणीवर तासन् तास चालणाऱ्या बहुसंख्य वादांत ती असते, हे मान्य केले पाहिजे. जुने सामने पुन्हा पाहून, चालींची मोजदाद करून बोलणारा सामान्य कारकून तेथे भेटतो. त्याला 'कोण आणावा' या प्रश्नाआधी आणखी काही प्रश्न विचारता येतील. चाल सांगण्याचा खरा अधिकार कोणाकडे राहणार? पुढच्या फळीतले कोण धडधाकट आहेत? नव्या माणसाला आपली पद्धत बसविण्यास किती अवधी देणार? पूर्वीच्या संघात त्याच्या वाट्याला कोणते खेळाडू आले होते? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर नावाचा वाद आपोआप लहान होईल.

शालान्त परीक्षेचा निकाल घसरला की मुख्याध्यापकाची बदली मागणारे पालक आणि निकाल सुधारला की त्याचा सत्कार करणारे पालक बहुधा तेच असतात. मधल्या काळात वर्गात कोणती मुले आली, कोणते शिक्षक निवृत्त झाले आणि कोण शिक्षक वर्षानुवर्षे मुकाट्याने शिकवीत राहिले, याची चौकशी क्वचितच होते. फिलाडेल्फियाचा वाद दूरच्या देशातला आणि अनोळखी खेळातला असला, तरी त्यातली चूक अनोळखी नाही.