दान सत्पात्री पडावे म्हणून
कैद्यांच्या नावाने मागितल्या जाणाऱ्या देणग्या आणि ग्राहकांची सावधानता

मराठी वाचकाच्या मनात तुरुंगाला एक वेगळे स्थान आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली. गजाआडचा प्रत्येक माणूस गुन्हेगारच असतो असे नाही, हा संस्कार त्यामुळे रुजला. या सहृदयतेवरच काही मंडळी आपली पोळी भाजून घेतात.

हा प्रकार नवा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने ओळखली जाणारी फसवणूक बोकाळली होती. कोणी धनाढ्य गृहस्थ स्पेनच्या तुरुंगात खितपत पडला आहे, त्याच्या सुटकेसाठी थोडी रक्कम पाठवावी, अशी पत्रे अनोळखी माणसांना येत. पैसे पाठविले की नवी अडचण उपस्थित होई आणि आणखी पैसे मागितले जात. आज पत्राची जागा मोबाइलवरील संदेशाने घेतली आहे, एवढाच फरक.

गरज मात्र खरी आहे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे सुमारे ७६ टक्के न्यायाधीन बंदी होते. त्यांच्यावरील आरोप अद्याप सिद्ध व्हावयाचे होते. जामीन मंजूर होऊनही रक्कम भरता न आल्याने आत राहणारे बंदीही त्यांत असतात. घरातील कमावता माणूस आत गेल्यावर मुलांची शाळा सुटते, घरभाडे थकते. अशांसाठी प्रामाणिकपणे झटणाऱ्या संस्था आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत कार्यरत आहे. किरण बेदी यांनी स्थापिलेले ‘इंडिया व्हिजन फाउंडेशन’ १९९४ पासून बंदी व त्यांच्या मुलांसाठी काम करीत आले आहे.

म्हणूनच खोट्या संस्थेला दिलेला रुपया दुहेरी हानी करतो. तो गरजूपर्यंत पोहोचत नाहीच. शिवाय एकदा फसलेला दाता पुढे प्रामाणिक कार्यकर्त्यालाही रिकाम्या हाताने परत पाठवितो.

फसवणूक कोठे ओळखावी?

पहिली खूण म्हणजे विनामूल्य मिळणाऱ्या सेवेसाठी पैसे मागणे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीस, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केल्यास वकील मिळतो; १५१०० या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. त्यामुळे ‘सरकारी वकील मिळवून देण्यासाठी’ कोणी शुल्क मागत असेल, तर तेथेच थांबावे. गरीब बंद्यांसाठी केंद्र शासनाचीही योजना आहे. तिच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्या बंद्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली.

दुसरी खूण जामिनाच्या हिशेबात सापडते. न्यायालयात भरलेली रोख अनामत हा खर्च नव्हे. आरोपी तारखांना नियमित हजर राहिला व अटी पाळल्या, तर खटला संपल्यावर ती रक्कम भरणाऱ्याला परत मिळते. म्हणून ‘आम्ही जामीन भरतो’ असे सांगणाऱ्या संस्थेला दोन प्रश्न अवश्य विचारावेत : न्यायालयाची पावती कोणाच्या नावाने आहे? परत आलेल्या रकमेचे पुढे काय होते? खऱ्या संस्थेकडे याचे उत्तर तयार असते.

तिसरी खूण म्हणजे प्रवेशाचा दावा. तुरुंगात वस्तू वाटणे, वर्ग चालविणे वा बंद्यांना भेटणे यांसाठी कारागृह प्रशासनाची परवानगी लागते. तिची प्रत मागणे हा दात्याचा अविश्वास नव्हे, तर जबाबदारी होय. बंद्यांची छायाचित्रे व करुण कहाण्या सढळ हाताने वाटणाऱ्या, परंतु परवानगीचा कागद न दाखविणाऱ्या संस्थेपासून दूर राहणे श्रेयस्कर.

देणगी देण्यापूर्वी

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. इतर अनेक राज्यांत संस्था नोंदणी अधिनियम, १८६० किंवा कंपनी कायदा यांखाली संस्था नोंदविल्या जातात. नोंदणी क्रमांक पडताळून पाहावा. मात्र नोंदणी म्हणजे संस्था अस्तित्वात असल्याचा पुरावा, सचोटीचा दाखला नव्हे. त्यासाठी लेखापरीक्षित हिशेब व वार्षिक अहवाल मागावा.

आयकर सवलतीच्या आश्वासनावरही डोळे झाकून विसंबू नये. ‘८०जी’ या नावाने परिचित असलेली ही वजावट केवळ मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्यासच मिळते. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने देणगीचे विवरण आयकर विभागाकडे भरून दात्यास प्रमाणपत्र देणे आवश्यक झाले. नुसती छापील पावती पुरेशी नाही.

रक्कम शक्यतो रेखांकित धनादेशाने किंवा थेट संस्थेच्या खात्यात द्यावी. यूपीआयने पैसे देताना पडद्यावर दिसणारे नाव वाचावे. तेथे संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव आले, तर व्यवहार रद्द करावा. फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर व आपल्या शाखेत कळवावे. जितका विलंब, तितकी रक्कम हाती लागण्याची शक्यता कमी.

शाखेची भूमिका

सेवाभावी संस्थेचे खाते उघडताना न्यासपत्र, नोंदणी प्रमाणपत्र, पॅन व ठराव तपासणे ही औपचारिकता नव्हे. मार्च २०२३ मधील नियमदुरुस्तीनुसार अशा ग्राहक संस्थांची माहिती नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावर नोंदविली आहे याची खातरजमा बँकांनी करावयाची आहे. वैयक्तिक बचत खात्यात अनेक अनोळखी व्यक्तींकडून लहान लहान रकमा जमा होऊन लगेच काढल्या जात असतील, तर कर्मचाऱ्यांनी ती बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आणावी. काउंटरवर देणगी भरण्यास आलेल्या ज्येष्ठ ग्राहकास आपुलकीने विचारलेला एक प्रश्नही त्याची पुंजी वाचवू शकतो.

सत्पात्री दानाचे महत्त्व आपल्या परंपरेने सांगितले आहेच. पात्र कोण, हे पारखण्यासाठी लागणारा अर्धा तास हाही त्या दानाचाच भाग होय. तो दिला, तर जामीन मिळूनही आत अडकलेल्या एखाद्या माणसाची घराकडची वाट खरोखर मोकळी होईल.